'मला ठाऊक नव्हते' : अज्ञानाची सबब कायदा कधी ऐकतो आणि कधी ऐकत नाही

१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहिता इतिहासजमा झाली आणि तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. १८६२ पासून अमलात असलेली कलमे लोकांच्या बोलण्यात इतकी मुरली होती, की फसवणूक करणाऱ्याला 'चारशेवीस' म्हणायला कोणाला कायद्याचे पुस्तक उघडावे लागत नसे. आता फसवणुकीचे ते कलम ३१८(४) झाले आहे आणि खुनाचे ३०२ जाऊन १०३ आले आहे. आकडे बदलले, काही गुन्ह्यांच्या व्याख्या बदलल्या, काही गुन्हे नव्याने आले. त्या वेळेपासून एक रास्त शंका वारंवार कानावर येते. नवा कायदा आम्ही वाचलेला नाही, वाचायला घेतला तरी त्याची भाषा उमगत नाही, मग उद्या नकळत काही गुन्हा घडला तर 'मला ठाऊक नव्हते' असे सांगता येईल का?

या शंकेला बहुतेक ठिकाणी एकच ठरलेले उत्तर मिळते : कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही. उत्तर खरे आहे, पण ते अर्धेच आहे. अज्ञानाचे काही प्रकार कायदा पूर्णपणे माफ करतो, काही अजिबात करत नाही, आणि काही वेळा अज्ञानाचा दोष नागरिकावरून उचलून सरकारच्या माथी ठेवतो. हा उरलेला अर्धा भाग सामान्य माणसाला अधिक उपयोगाचा आहे, आणि तो फारसा कोणी समजावून सांगत नाही, म्हणून हा लेख.

एकच वाक्य, दोन वेगळी अज्ञाने

समजा, एका बापाचा सोळा वर्षांचा मुलगा मोटार घेऊन रस्त्यावर गेला आणि पोलिसांनी त्याला अडवले. बाप धावत आला आणि म्हणाला, "साहेब, मला ठाऊक नव्हते." आता या वाक्याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक असा, की मुलाने आपल्या नकळत किल्ली काढून नेली हे त्याला ठाऊक नव्हते. दुसरा असा, की मोटार चालवण्यासाठी अठरा वर्षे पूर्ण लागतात, हे त्याला ठाऊक नव्हते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने असा गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. मात्र त्याच कलमात सुटकेची एक वाट आहे. गुन्हा आपल्या नकळत घडला, किंवा तो घडू नये म्हणून आपण पुरेपूर काळजी घेतली होती, असे पालकाने सिद्ध केले, तर त्याच्यावर जबाबदारी येत नाही. किल्ली कपाटात कुलूपबंद होती आणि मुलाने कुलूप फोडून ती नेली, हे दाखवता आले तर बाप सुटेल. वयाची अट ठाऊक नव्हती असे त्याने शपथेवर सांगितले आणि न्यायालयाचा त्यावर विश्वास बसला, तरीही तो सुटणार नाही.

पहिल्या प्रकाराला कायद्याच्या परिभाषेत वस्तुस्थितीबद्दलचे अज्ञान म्हणतात आणि दुसऱ्याला कायद्याबद्दलचे अज्ञान. परिभाषेतले एवढे दोन शब्द लक्षात ठेवले की पुढचे सारे उलगडत जाते. समोर काय घडते आहे हे माणसाला चुकीचे समजले, तर कायदा त्याच्या बाजूने विचार करतो. घडते आहे ते बरोबर समजले, पण त्याला मनाई आहे हे ठाऊक नव्हते, तर सहसा करत नाही. जुन्या दंड संहितेच्या कलम ७६ आणि ७९ मध्ये हा भेद लिहिलेला होता. नव्या संहितेत तो कलम १४ आणि १७ मध्ये जवळजवळ त्याच शब्दांत आला आहे. म्हणजे आकडे बदलले तरी या बाबतीत नागरिकाची स्थिती जिथे होती तिथेच आहे.

रासगोविंदपूरची रात्र

वस्तुस्थितीबद्दलचे अज्ञान किती दूरवर माफ होऊ शकते, हे ओडिशातील एका खटल्यात दिसते. १९५८ च्या उन्हाळ्यात बालासोर जिल्ह्यातल्या रासगोविंदपूर येथे, वापरात नसलेल्या एका जुन्या विमानतळावर, कलकत्त्याचा एक व्यापारी विमानांचे भंगार विकत घ्यायला आला होता. त्याच्यासोबत एक नेपाळी नोकर होता. त्या माळावर भुते फिरतात, अशी परिसरात पक्की समजूत होती. मे महिन्यातल्या एका रात्री ही मंडळी तिथून जात असताना लांबवर एक मिणमिणता उजेड आणि त्याभोवती हलणाऱ्या आकृत्या दिसल्या. भुते नाचत आहेत अशी त्या नोकराची खात्री पटली. खुकरी उपसून तो धावत सुटला आणि त्याने सपासप वार केले.

त्या आकृत्या म्हणजे मोहाच्या झाडाखाली कंदील ठेवून फुले वेचायला आलेल्या आदिवासी बायका होत्या. एकीचा जीव गेला आणि इतर काही जण जखमी झाले. नोकरावर खुनाचा खटला चालला. सत्र न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले आणि पुढे ओडिशा उच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. आपण माणसांवर वार करतो आहोत हेच त्याला ठाऊक नव्हते, समोर भुते आहेत असा त्याचा प्रामाणिक समज होता, आणि भुतांवर वार करणे हा गुन्हा नाही.

हा निकाल वाचताना त्या मृत बाईचा विचार मनातून जात नाही. पोटासाठी रात्री फुले वेचणाऱ्या बाईच्या मरणाला कोणीच जबाबदार धरले गेले नाही. तिच्या घरच्यांना हा न्याय कसा वाटला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. तरीही तत्त्व म्हणून निकाल समजून घ्यावा लागतो. फौजदारी शिक्षा ही मुळात दूषित मनाला असते. हातून काय घडले एवढे पाहून भागत नाही. करणाऱ्याने ते काय समजून केले, तेही पाहावे लागते.

खुद्द संहितेत याहून साधे उदाहरण दिले आहे. न्यायालयाच्या अधिकाऱ्याला एका माणसाला अटक करण्याचा हुकूम मिळतो. तो योग्य ती चौकशी करतो आणि तरीही चुकून भलत्याच माणसाला पकडतो. त्या अधिकाऱ्याने गुन्हा केला असे होत नाही. 'योग्य ती चौकशी' हे शब्द त्या उदाहरणात उगाच घातलेले नाहीत.

मन साफ असणे पुरेसे नाही

कारण अज्ञान माफ व्हायला ते सद्भावातून आलेले असावे लागते, आणि कायद्यातला सद्भाव रोजच्या बोलण्यातल्या सद्भावापेक्षा कडक आहे. पुरेशी काळजी आणि लक्ष न देता केलेली कोणतीही गोष्ट सद्भावाने केली असे मानता येत नाही, अशी त्याची व्याख्या आहे. माझ्या मनात पाप नव्हते, एवढे सांगून काम भागत नाही. त्या क्षणी, त्या परिस्थितीत, तशा माणसाकडून जेवढी सावधगिरी अपेक्षित होती तेवढी त्याने घेतली का, हे पाहिले जाते. शिवाय आपली चूक प्रामाणिक होती हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो.

इथेच पुष्कळ लोक अडकतात. वीस हजारांचा मोबाइल रस्त्याच्या कडेला कोणी तीन हजारांत देऊ लागला, पावती नाही, खोके नाही, चार्जर नाही, आणि विकणारा सारखा इकडेतिकडे बघतो आहे. असा मोबाइल घेऊन पुढे 'तो चोरीचा होता हे मला ठाऊक नव्हते' म्हणणाऱ्याची गाठ वेगळ्याच शब्दांशी पडते. चोरीचा माल घेण्याच्या कलमात केवळ 'माहीत असून' एवढेच म्हटलेले नाही. 'तसे मानण्यास कारण असून' असेही म्हटले आहे. जे दिसत होते ते पाहिले नाही, जे विचारायला हवे होते ते विचारले नाही, अशा माणसाने हे अज्ञान स्वतःहून पत्करलेले असते. डोळे मिटून घेतलेल्याला अंधाराची सबब सांगता येत नाही.

कायदा ठाऊक नसणे मात्र का चालत नाही?

आता कठीण भागाकडे येऊ. एके काळी आपल्याकडे कित्येक घरांच्या ओसरीवर राघूचा पिंजरा टांगलेला असे. त्याला पेरूची फोड आणि हिरवी मिरची दिली जाई आणि 'विठू विठू' म्हणायला शिकवले जाई. आजही असे पिंजरे दिसतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार आपल्याकडचा हा पोपट संरक्षित आहे आणि त्याला पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. पोपट पाळणाऱ्या आजीला यातले काही ठाऊक नसते, तिच्या शेजाऱ्यांनाही नसते, आणि त्यात तिचा दुष्ट हेतू तर मुळीच नसतो. तरीही वनखात्याचे लोक दारात आले, तर 'मला ठाऊक नव्हते' हा तिचा बचाव ठरत नाही. तिचे वय, तिचा हेतू आणि तिची परिस्थिती शिक्षा ठरवताना विचारात घेता येईल, पण गुन्हा घडलाच नाही असे म्हणता येणार नाही.

या कडकपणामागे दोन कारणे सांगितली जातात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिले असे, की ही सबब एकदा मान्य केली की प्रत्येक आरोपी ती पुढे करील, आणि एखाद्याच्या मनात काय होते, त्याने कोणता कायदा वाचला होता, हे खोडून काढणे सरकारला जवळपास अशक्य होईल. दुसरे कारण मला अधिक वजनदार वाटते. अज्ञान माफ झाले, तर कायदा जाणून घेण्यात तोटा आणि न जाणण्यात फायदा होईल. कारखान्याचे सांडपाणी नदीत सोडणाऱ्याने प्रदूषणाचे नियम वाचलेच नाहीत तर तो सुटेल आणि ज्याने वाचले तो अडकेल. असा कायदा प्रामाणिक माणसालाच शिक्षा करील.

हे तत्त्व 'इग्नोरँशिया ज्युरिस नॉन एक्सक्युसॅट' या लॅटिन वचनाच्या रूपाने जगभर ओळखले जाते आणि त्याची मुळे रोमन कायद्यात आहेत. गंमत अशी, की खुद्द रोमन कायदा याबाबतीत आपल्यापेक्षा मऊ होता. पंचवीस वर्षांखालील तरुण, सैनिक आणि काही बाबतींत स्त्रिया यांना कायद्याच्या अज्ञानाची सवलत तिथे मिळत असे. रोमन कायदेपंडितांनी एवढे तरी मान्य केले होते, की कायद्यापर्यंत पोहोचण्याची वाट सर्वांना सारखीच मोकळी नसते.

सांताक्रूझला उतरलेले विमान

आपल्याकडे या नियमाची खरी कसोटी मुंबईत लागली. २७ नोव्हेंबर १९६२ रोजी एक जर्मन प्रवासी झुरिकहून मनिलाला निघाला. त्याचे विमान २८ तारखेच्या पहाटे सांताक्रूझ विमानतळावर थांबले. त्याला भारतात उतरायचे नव्हते आणि तो जागेवर बसून होता. सीमाशुल्क अधिकारी विमानात चढले आणि त्यांनी त्याची झडती घेतली. त्याने खास शिवून घेतलेले जाकीट घातले होते. त्याला अठ्ठावीस कप्पे होते आणि त्यांतल्या एकोणीस कप्प्यांत सोन्याच्या लगडी होत्या. सोने भरले सुमारे ३४ किलो.

त्याआधी भारतातून पुढे जाणाऱ्या प्रवाशाने विमानातून न उतरता असे सोने नेले, तर त्याला सूट होती. रिझर्व्ह बँकेने ८ नोव्हेंबरच्या अधिसूचनेने ती सूट आवळली आणि असे सोने विमानाच्या मालयादीत दाखवणे बंधनकारक केले. ही अधिसूचना भारताच्या राजपत्रात छापून आली २४ नोव्हेंबरला, म्हणजे तो झुरिकहून निघण्याच्या तीन दिवस आधी. झुरिकमध्ये बसलेल्या माणसाने तीन दिवसांत भारताचे राजपत्र वाचावे, अशी अपेक्षा धरायची का, हा खरा प्रश्न होता.

दंडाधिकाऱ्याने त्याला एक वर्षाची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. अय्यंगार आणि न्या. मुधोळकर यांनी बहुमताने त्याला पुन्हा दोषी ठरवले. अधिसूचना भारतात रीतसर प्रसिद्ध झाली, एवढे पुरे आहे, आणि ती परदेशात प्रसिद्ध करण्याची सरकारवर जबाबदारी नाही, असे त्यांचे म्हणणे होते. न्या. सुब्बा राव यांनी वेगळा निकाल लिहिला. आपण कायदा मोडतो आहोत याची जाणीवच ज्याला नाही, त्याला दोषी धरता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. बहुमतानेही शिक्षा कमी करून आधीच भोगलेल्या मुदतीवर आणली. जाकिटाला अठ्ठावीस कप्पे शिवून घेणाऱ्याबद्दल सहानुभूती वाटण्याचे कारण नाही, पण तीन दिवसांच्या त्या अंतराबद्दल न्या. सुब्बा राव यांनी उभी केलेली अडचण अजूनही पूर्ण सुटलेली नाही, असे मला वाटते.

'वकिलालासुद्धा सगळे कायदे ठाऊक नसतात'

ही हरकत नेहमी घेतली जाते आणि ती शंभर टक्के बरोबर आहे. केंद्राचे आणि राज्याचे कायदे, त्यांखालचे नियम, अधिसूचना, शासन निर्णय, महापालिकांच्या उपविधी हे सगळे कोणा एका माणसाला ठाऊक असणे शक्य नाही. मग प्रत्येकाला कायदा ठाऊक असतो असे गृहीत धरणे हा ढोंगीपणा नव्हे का?

याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने मोतीलाल पदमपत शुगर मिल्स या प्रकरणात १९७८ च्या डिसेंबरमध्ये दिले. प्रत्येकाला कायदा ठाऊक आहे असे गृहीत धरले जाते, असे नेहमी म्हटले जात असले तरी ते बरोबर नाही आणि असे कोणतेही तत्त्व कायद्याला माहीत नाही, असे न्या. भगवती यांनी त्या निकालात स्पष्ट केले. कायद्याचे अज्ञान सबब ठरत नाही, हे एक विधान आहे. सर्वांना कायदा ठाऊक आहे, हे दुसरे. पहिले खरे आहे म्हणून दुसरे खरे ठरत नाही.

हा भेद शब्दच्छल वाटेल, पण त्या खटल्याचा निकालच त्यावर फिरला. कानपूरच्या त्या कंपनीने वनस्पती तुपाचा कारखाना काढताना उत्तर प्रदेश सरकारने तीन वर्षांच्या विक्रीकरमाफीचे आश्वासन दिले होते. पुढे सरकारने शब्द फिरवून केवळ काही सवलत देऊ केली आणि कंपनीने ती घेण्याची तयारी दाखवली. तेव्हा कंपनीने पूर्ण माफीचा हक्क स्वतःहून सोडून दिला, असा युक्तिवाद झाला. न्यायालयाने तो फेटाळला. हक्क सोडायचा तर आधी तो आपल्याला आहे हे ठाऊक असावे लागते आणि कंपनीला ते ठाऊक होते असे आपोआप मानता येत नाही. इथे कायद्याचे अज्ञान उपयोगी पडले, कारण ते शिक्षा चुकवण्यासाठी पुढे केले नव्हते. ते हक्क वाचवण्यासाठी होते.

जो कायदा सांगितलाच नाही

गृहनिर्माण संस्थेत पाणी बंद राहणार असल्याची सूचना जिन्याखालच्या फलकावर लागली आणि एखाद्याने जाता-येता तिकडे पाहिले नाही, तर तक्रार करण्याचा हक्क त्याला उरत नाही. पण सचिवांनी ती सूचना लिहून आपल्याच खणात ठेवली असेल, तर सभासदाला दोष देणे हा उघड अन्याय होईल. कायद्याच्या अज्ञानाचा सगळा नियम फलकावर लावलेल्या सूचनेसाठी आहे. तो खणातल्या सूचनेला लागू होत नाही.

जयपूर संस्थानात असा खणातला कायदा खरोखर होता. १९२२ मध्ये तिथले महाराज वारले, वारस अल्पवयीन होता, म्हणून कारभार मंत्रिमंडळाकडे गेला. या मंडळाने ११ डिसेंबर १९२३ रोजी एक ठराव करून जयपूर अफू कायदा मंजूर केला आणि तो कुठेही प्रसिद्ध केला नाही. राजपत्रात नाही, दवंडी नाही, काही नाही. जवळजवळ पंचवीस वर्षांनी, १९४८ मध्ये, त्या कायद्याखाली एका माणसाला अफू बाळगल्याबद्दल पकडले आणि पन्नास रुपये दंड केला. पन्नास रुपयांसाठी तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, हे आपले भाग्य म्हणावे लागेल.

१९५१ मध्ये न्या. व्हिव्हियन बोस यांनी निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयात जाण्यापूर्वी ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. ज्या कायद्याची लोकांना माहिती नाही आणि कितीही काळजी घेतली तरी जो त्यांना कळूच शकला नसता, त्या कायद्याखाली कोणाला शिक्षा करणे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे, असे त्यांनी ठरवले. बंद दाराआड केलेला ठराव कायदा होत नाही. दंड रद्द झाला.

हाच विचार आता सेकंदांपर्यंत पोहोचला आहे. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी, पुलवामा हल्ल्यानंतर, सरकारने पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के सीमाशुल्क लावले. ती अधिसूचना ई-राजपत्रावर चढली रात्री ८ वाजून ४६ मिनिटे ५८ सेकंदांनी. अटारी सीमेवर काही आयातदारांनी त्याच दिवशी, पण त्याआधी आपले कागद दाखल केले होते. तारीख तीच असल्यामुळे त्यांनीही नवे शुल्क भरावे, असे सीमाशुल्क खात्याचे म्हणणे होते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले. अधिसूचना प्रसिद्ध झाली त्या क्षणापासून ती लागू होते, त्या दिवसाच्या सुरुवातीपासून नाही. संध्याकाळी अस्तित्वातच नसलेला नियम पाळण्याची अपेक्षा कोणाकडून धरायची?

फलकावर लावले, पण कोणत्या भाषेत?

इथे मात्र कायद्याचे उत्तर मला अपुरे वाटते. राजपत्रात छापले की प्रसिद्धी पूर्ण झाली, असे कायदा मानतो. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याच्यासाठी इंग्रजी राजपत्र खणातच राहते.

गोव्याचा अनुभव पाहावा. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता तिथे पोर्तुगीज राजवटीत आली आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही कायम राहिली. विवाह आणि पती-पत्नीच्या मालमत्तेचे गोवेकरांचे व्यवहार आजही तिच्यावर चालतात. वारसाहक्काचा भाग पुढे गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आला. पण मुक्तीनंतरच्या पिढ्यांत पोर्तुगीज वाचणारे घटत गेले आणि संहितेचा अधिकृत इंग्रजी अनुवाद राज्याच्या राजपत्रात आला २०१८ मध्ये. मधल्या साठेक वर्षांत कोकणी आणि मराठी बोलणारी माणसे लग्नाची नोंद करताना ज्या कायद्याने बांधली जात होती, तो त्यांतल्या बहुतेकांना वाचताच येत नव्हता.

महाराष्ट्राची स्थिती याहून बरी आहे. राज्याचे कायदे मराठीत उपलब्ध असतात आणि शासन निर्णय तर मराठीतच निघतात. केंद्रीय कायद्यांचे प्रादेशिक भाषांतील प्राधिकृत पाठ काढण्याची सोय संसदेने १९७३ च्या एका कायद्याने करून ठेवली आहे. प्राधिकृत पाठ म्हणजे सरकारने अधिकृत म्हणून प्रसिद्ध केलेला अनुवाद. माहितीचा अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नेही सरकारी कार्यालयांवर, कोणी मागितली नसतानाही, माहिती स्वतःहून आणि स्थानिक भाषेचा विचार करून पसरवण्याचे बंधन घातले आहे. व्यवस्था कागदावर आहे. ती वेळेवर आणि समजेल अशा मराठीत अमलात आली पाहिजे. नागरिकाच्या अज्ञानाला सबब न मानणाऱ्या सरकारने एवढे तरी केलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

संसदेने २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ केंद्रीय कायद्यांतल्या १८३ तरतुदींतील गुन्हेगारी स्वरूप सौम्य केले किंवा काढून टाकले. किरकोळ चुकांना गुन्हा म्हणणे जितके कमी होईल, तितके अज्ञानाने गुन्हेगार ठरणेही कमी होईल. या दिशेने अजून बरेच काही करण्यासारखे आहे.

हक्कसोडीवरची सही

आतापर्यंत गुन्ह्यांबद्दल बोललो. पण महाराष्ट्रात कायद्याच्या अज्ञानाची सर्वांत मोठी किंमत गुन्हेगार मोजत नाहीत. ती बहिणी मोजतात.

वडील वारतात, वारस नोंद लागते, सातबाऱ्यावर बहिणींची नावे चढतात. मग दिवाळीला किंवा रक्षाबंधनाला माहेरी आलेल्या बहिणीला सांगितले जाते, की तहसिलीत एक सही करायची आहे, नुसता उपचार आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तिचा फोटो निघतो, अंगठ्याचा ठसा यंत्रावर घेतला जातो, दोन साक्षीदार उभे राहतात आणि दस्त नोंदला जातो. त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. पुढे फेरफार पडतो आणि सातबाऱ्यावरून तिचे नाव जाते. साडी-चोळी घेऊन ती घरी परतते. आपण काय सोडले, हे कित्येकींना बऱ्याच वर्षांनी कळते.

वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीचा वाटा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी जन्मतः सहहिस्सेदार असते, हे महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, त्याआधी लग्न न झालेल्या मुलींपुरते, मान्य केले. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय दुरुस्तीने ते लग्न झालेल्या मुलींनाही लागू झाले. त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. म्हणजे त्या सहीच्या क्षणी बहिणीजवळ बरेच काही असते.

मोतीलाल पदमपतच्या निकालाचा आधार घेऊन ती म्हणू शकेल का, की हक्कच ठाऊक नव्हता, तर तो सोडला कसा? एवढे सोपे नाही. तिथे हक्क सोडल्याचा अर्थ वागणुकीवरून काढला जात होता. इथे नोंदणीकृत दस्त आहे. करार कायद्याचे कलम २१ सांगते, की भारतात लागू असलेल्या कायद्याबद्दल चूक झाली एवढ्या कारणाने करार रद्द करता येत नाही. नुसते 'कायदा ठाऊक नव्हता' म्हणून हा दस्त सहसा मोडत नाही. 'नुसता उपचार आहे' असे खोटे सांगून सही घेतली, कागद भलताच असल्याचे भासवले, किंवा नात्याचा धाक घालून मन वळवले, हे सिद्ध झाले तर मोडतो. त्यासाठी दावा लावावा लागतो, आणि मुदत साधारण तीन वर्षांची असते. ती फसवणूक कळल्यापासून मोजतात. ज्यांना हक्क ठाऊक असून भावासाठी तो प्रेमाने सोडायचा आहे, त्यांनी जरूर सोडावा. पण सही करण्याआधी दस्त घरी आणून एखाद्या त्रयस्थ माणसाकडून वाचून घ्यायला काय हरकत आहे? भावाचा हेतू चांगला असेल, तर आठ दिवसांनी त्याचे काही बिघडत नाही.

थोडक्यात आणखी दोन शंका

कायदा चुकीचा समजून भलतेच पैसे भरले तर? ते परत मागता येतात. करार कायद्याच्या कलम ७२ मधील 'चूक' या शब्दात कायद्याबद्दलची चूकही येते, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९४९ मध्ये आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले. करांच्या परताव्याला मात्र नंतरच्या निकालांनी बऱ्याच अटी घातल्या. कराचा बोजा ज्याने ग्राहकावर ढकलला, त्याला परतावा मिळत नाही.

वकिलाने किंवा अधिकाऱ्यानेच चुकीचे सांगितले असेल तर? फौजदारी गुन्ह्यात त्याने दोष सहसा जात नाही, पण शिक्षा हलकी होऊ शकते. अपील उशिरा दाखल झाले आणि त्याचे कारण वकिलाचा प्रामाणिकपणे दिलेला चुकीचा सल्ला असेल, तर न्यायालये तो उशीर माफ करतात, असा अनुभव आहे.

आणि ज्यांना विचारायला जवळ कोणीच नाही, त्यांच्यासाठी १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात व्यवस्था केली आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात तिचे कार्यालय असते आणि १५१०० हा तिचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता तिथे फुकट वकील मिळतो. हक्कसोडीचा कागद हातात आलेली बहीण सही करण्यापूर्वी तिथे जाऊन तो समजावून घेऊ शकते.